सहीच्या पाठीवर

ते शेपूट तिनं लगेच ओळखलं. मिस्टर ट्रेक्सलर अल्बमची पानं उलटत होते, मंडळी खुर्च्यांवरून पुढे वाकून वाहवा करत होती, आणि अर्डीलिया पर्नेल कागदी कपातली गार झालेली कॉफी धरून सगळ्यांच्या मागे उभी होती. नॅथॅनिएल हॅझलडीनची सही. तपकिरी पडलेली शाई, दोन बोटं रुंदीचा तुकडा, काळ्या जाड पानावर चिकटवलेला. शेवटच्या अक्षरातून निघालेली रेघ डौलात खाली वळली होती आणि तिथंच कात्रीनं तोडली होती. वरच्या उजव्या कोपऱ्यात कात्री जरा घसरलेली. ती रेघ पुढे कुठं जाते हे त्या खोलीत एकट्या अर्डीलियाला माहीत होतं, कारण ती पुढे तिच्या घरी जात होती. वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेवलेल्या चपट्या खोक्यात एक कागद होता. त्या कागदाला दोन बोटं रुंदीचं भोक होतं, वरचा उजवा कोपरा तिरका, आणि भोकाच्या खालच्या काठावर शाईचं नखाएवढं शेपूट, तिनं कागद घेतल्यापासून एकोणीस वर्षं, एकटं पडलं होतं. तिनं कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. लोकांना काही दिसू द्यायचं नाही ही तिची जुनी खोड.

फिलाडेल्फियातल्या एका चर्चच्या तळघरात महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी हे मंडळ भरायचं. पंचवीस-तीस म्हातारी माणसं, एक कॉफीचं भांडं, मोहरीची चटणी लावलेल्या प्रेट्झेल-पावांची परडी. सगळ्यांना एकच वेड. अमेरिका स्वतंत्र होण्याआधी जे वकील घोड्यावर बसून या कोर्टातून त्या कोर्टात जायचे, कुंपणाची, गाईची, मृत्युपत्राची भांडणं लढायचे आणि पुढे मोठे होऊन काँग्रेसात, म्हणजे तिथल्या संसदेत, बसले, त्यांच्या सह्यांचे कोर्टाचे कागद जमवायचे. म्हणजे जमवायच्या त्या सह्याच. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या हौशी लोकांनी तर कागदाची कटकट नको म्हणून सह्या कात्रीनं कापून घेतल्या, अल्बमात डकवल्या आणि उरलेलं फेकून दिलं. मोठा झालेला माणूस त्यांना हवा होता, त्यानं पोटासाठी काय केलं ते नको होतं. ते फेकलेलं अर्डीलिया विकत घ्यायची. तिच्याकडे असले त्रेचाळीस कागद होते, प्रत्येकाला भोक. "डोनट आम्ही खायचा आणि भोक मिस पर्नेलनं न्यायचं," असं स्टाउफर नावाचा एक जाडा, निवृत्त औषधवाला दर खेपेला म्हणायचा. पहिल्यांदा ती हसली होती. नंतर नाही, पण स्टाउफरचा दम मोठा. त्या तळघरात काळी माणसं दोनच, एक ती आणि दुसरा भिंतीवरच्या फोटोतला रखवालदार. तेव्हा एखादी बाई जवळ येऊन आवाज मऊ करून विचारायचीच, "त्या कागदातलं कुणी... तुमच्या नात्यातलं आहे का हो?" अर्डीलियाला त्या मऊ आवाजाचा स्टाउफरच्या विनोदापेक्षा जास्त राग यायचा. अरे, शेजारच्या घरात कुणी ओरडलं तर धावून जायला आधी नातं लागतं का?

कारण खरं तर साधं होतं. तिनं एकतीस वर्षं कोर्टाच्या दप्तरखान्यात काढली होती. पहिल्याच दिवशी क्रॉपर नावाच्या म्हाताऱ्या साहेबानं तिच्या हातात एक कागद दिला, ती वाचायला लागली, तर त्यानं तो काढून घेतला, पालथा केला आणि परत दिला. "पोरी, आधी पाठ वाचायची. पुढच्या बाजूला लोकांनी काय मागितलं ते असतं. मिळालं काय, ते पाठीवर." वकिलांचे कागद तीन घड्या घालून गठ्ठ्यात बांधायचे आणि बाहेर राहणाऱ्या घडीवर कारकून निकाल लिहायचा, ही रीत अडीचशे वर्षांपूर्वीही तीच होती. सह्या कापणाऱ्यांपैकी एकानंही कागद उलटून पाहिला नव्हता. कौतुकानं, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून त्यांनी सही कापली आणि तिच्या पाठीवरचा कुणाचा तरी निकाल तिच्याबरोबर कापला गेला. तो गेला खळीत. अर्डीलियाच्या मते ही चोरी नव्हती, चोर निदान आपण काय नेतोय ते बघतो.

हॅझलडीनचा तो कागद तिला पाठ होता. तामार नावाच्या एका गुलाम बाईनं कोर्टात अर्ज केला होता की माझी आई स्वतंत्र होती, म्हणून मीही स्वतंत्र आहे. मालक सोलोमन बॅकहाउस याच्या वतीनं वकील हॅझलडीननं लिहिलं होतं की अर्जात तथ्य नाही, तो फेटाळावा. पुढे हाच हॅझलडीन माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांवर तीन-तीन तास बोलला, आणि आज त्याच्या नावाच्या दोन शाळा आणि एक पूल आहे. असो. पाठीवर कारकुनाचं अक्षर होतं, बारीक आणि घाईतलं. "तामार विरुद्ध बॅकहाउस. दोन्ही बाजू ऐकल्या. साक्षी झाल्या. कोर्टाचा निर्णय असा, की सदर तामार ही" आणि मग भोक. भोकानंतर खाली एकच ओळ. "आणि तिची मुलगी तिच्याप्रमाणेच." त्या वर्षाचं निकालांचं पुस्तक कुठल्याशा पुरात गेलं होतं. अर्डीलियानं तीन गावांची दप्तरं पालथी घातली, चर्चच्या नोंदी पाहिल्या, बॅकहाउसचं मृत्युपत्र पाहिलं. तामार कुठंच नव्हती. सुटली म्हणून नव्हती की विकली म्हणून नव्हती, ते कळायला मार्ग नव्हता. मुलीला तर नावही नव्हतं. आईचं जे झालं ते तिचं झालं, एवढंच. भाजी निवडताना, ट्रामची वाट बघताना, कधी चर्चमध्ये गाणं चालू असताना ते अर्धं वाक्य अर्डीलियाच्या डोक्यात सुरू व्हायचं आणि त्याच जागी थांबायचं.

"मिस्टर ट्रेक्सलर," ती मागूनच म्हणाली, "त्याच्या मागं काय आहे?"

"मागं अल्बम आहे, मिस पर्नेल." ट्रेक्सलर हसले. ते स्वतः वकील होते, निवृत्त, गळ्याला बो, वागायला लोण्यासारखे. "आमच्या आजोबांनी चिकटवलंय. तेव्हाची खळ म्हणजे काय विचारता!"

"सहीच्या मागं म्हणतेय मी."

"सहीच्या मागं खुद्द हॅझलडीन!" स्टाउफर म्हणाला आणि मंडळी हसली.

"उरलेला कागद माझ्याकडे आहे," अर्डीलिया म्हणाली, आणि हसणं जिथल्या तिथं राहिलं.

त्या गुरुवारी ट्रेक्सलर तिच्या घरी आले. तिचा धाकटा भाऊ लिअँडर खालच्या मजल्यावर राहायचा. तो स्वयंपाकघरात स्क्रॅपलचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वडीचे, काप तळत होता. त्यानं पाहुण्याकडे मान हलवली आणि तवा नि दार दोन्ही दिसतील असा तिरका उभा राहिला. लिअँडर कुणाकडेच पाठ करत नसे, अगदी तव्याकडेही नाही, आणि दाराकडे तर नाहीच नाही. ट्रेक्सलरनी सहीची पातळ कागदावर गिरवून आणलेली प्रत भोकावर ठेवली. तिरका कोपरा तिरक्या कोपऱ्याला बसला. शेपूट रेघेला लागलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं, "जुळलं, जुळलं हो," असं ते दोनदा म्हणाले, आणि अर्डीलियाला क्षणभर तो माणूस फार आवडला. मग त्यांनी पाकिटातून दोन पानी करारनामा काढला.

"देशाच्या अडीचशे वर्षांचा सोहळा तोंडावर आलाय. हॅझलडीनचा अखंड कागद! अख्ख्या राज्यात असा दुसरा नाही. माझ्या ओळखीची एक कागदांची जाणकार आहे, ती ओल्या कापडाच्या घड्या ठेवून तुकडा अलगद सोडवेल. खर्च सगळा माझा. तुमच्या कागदाची योग्य किंमत मी देईन, आणि खाली पाटीवर तुमचं नाव."

"आणि मागची बाजू?"

"वाचता येईल की. मी स्वतः तुम्हाला फोन करीन."

"प्रदर्शनात म्हणतेय मी."

ट्रेक्सलरनी बो सारखा केला. "कागद एकाच बाजूनं लावतात, मिस पर्नेल. आणि समजा निकाल... म्हणजे, हवा तसा नसला, तर? सणाचे दिवस. लोक पोराबाळांना घेऊन येणार."

तिनं करारनामा हातात घेतला आणि सवयीनं आधी पालथा केला. पाठ कोरी होती. मग सरळ करून सावकाश वाचला. सातव्या कलमात लिहिलं होतं की जोडलेल्या कागदावरचा कोणताही मजकूर, पुढचा वा मागचा, जाहीर करायचा की नाही हे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर राहील. शेवटी सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी होती. ट्रेक्सलर टोपण काढून पेन पुढे करून बसले होते. हे पेन पुढे करणं तिनं जन्मभर पाहिलं होतं. काउंटरच्या पलीकडे वकील असाच मायेनं पेन पुढे करायचा, आणि अलीकडची बाई, बहुतेक वेळा बाईच, काय लिहिलंय ते न विचारता चिठ्ठीपाशी नाव घालून मोकळी व्हायची, विचारलं तर आपल्याला अडाणी समजतील म्हणून. तामारला तर नावही लिहिता येत नसणार. तिचा अर्ज दुसऱ्यानं लिहिला, तिच्याविरुद्धचं म्हणणं तिसऱ्यानं लिहिलं, निकाल चौथ्यानं, आणि पाचव्यानं तो कापून नेला. अर्डीलियानं मनात मोजलं. आपण सहाव्या. चांगलं अक्षर असलेल्या, पेन्शन असलेल्या, आणि आपण होऊन सही करणाऱ्या.

"नाही," ती म्हणाली.

"किमतीचं म्हणत असाल तर..."

"किमतीचं नाही. माझ्या सहीनं तामार आणखी एका माणसाच्या मालकीची व्हायची नाही."

"अहो, मालकी कागदाची!"

"बॅकहाउसकडेही कागदच होता, मिस्टर ट्रेक्सलर."

ते गेल्यावर लिअँडर बशी घेऊन आला. "कर ना सही, डीली," तो म्हणाला. ती बघतच राहिली. हा आपल्या बाजूनं बोलेल असं तिनं धरूनच ठेवलं होतं. "तत्त्व तुझं आहे. वाट ती बघतेय." एवढं बोलून तो दाराकडे तोंड करून खायला बसला. लिअँडर एकोणीस वर्षांचा असताना त्याला नदीपलीकडे पकडलं होतं, कुणाच्या तरी गाडीवरून, ज्या गाडीला त्यानं हातही लावला नव्हता. दोन महिन्यांनी न्यायाधीशानं सोडून द्या म्हणून तोंडी सांगितलं. पण कागदाच्या पाठीवर ते लिहायचं राहून गेलं, आणि लिहिलेलं नाही म्हणून तुरुंगानं सोडलं नाही. रजा काढून, रविवारचा चांगला कोट घालून अर्डीलिया तिथल्या दप्तरखान्यात गेली, मीही याच धंद्यातली आहे म्हणून फाईल मागितली, आणि उलटली. पाठ कोरी. ती कोरी जागा तिला अजून दिसते, जरा पिवळट, डाव्या कडेला कॉफीचा गोल डाग. तिनं त्या कारकुनाला म्हटलं, इथं निकाल नाही. तो म्हणाला, मग झाला नसेल. ती पुन्हा गेली, पुन्हा गेली, आई गेली, पाद्री गेले. अकरा महिन्यांनी कुणीतरी अर्धी ओळ लिहिली आणि लिअँडर घरी आला, पण तेव्हापासून तो दाराकडे तोंड करूनच जेवतो. "आत असताना मला सुटका नको होती," तो आता खाता खाता म्हणाला, तिच्याकडे न बघता. "खरं सांगतो. शेवटी शेवटी वाटायचं, जन्मठेप असेल तर जन्मठेप, पण कुणीतरी येऊन सांगा. तुला कळतंय ना? तुझ्या तामारला कुणी सांगितलं असेल, नसेल. पण तुझ्याकडे सांगायची सोय आहे आणि तू ताठून बसलीयस."

"मी सही केली तर तो मला सांगेल, लिअँडर. मलाच. फोनवर. आणि मग अल्बम मिटेल."

"मग तुला तरी कळेल."

"मला कळून काय करायचंय?" ती ओरडली, आणि स्वतःच दचकली, कारण ते खोटं होतं. तिला कळायला हवं होतं. एकोणीस वर्षं दुसरं काय हवं होतं तिला? चार दिवस ती घरात धुसफुसत फिरली. भांडी आपटली, शेजारणीला तोडून बोलली, फोन उचलून दोनदा ट्रेक्सलरांचा नंबर अर्धा फिरवला. लिअँडरचं म्हणणं तिला खोडून काढता येईना. वाट बघणाऱ्या माणसापुढे तत्त्व म्हणजे काय, पोट भरलेल्याचा उपास. तरी सातवं कलम आठवलं की अंगाची आग व्हायची. निकाल हा कुणा एकट्याच्या कानात सांगायचा नसतो. तो कोर्टात उभं राहून मोठ्यानं वाचतात, म्हणून तर तो निकाल. हे तिला पाचव्या दिवशी अंथरुणाच्या चादरी वाळत घालताना सुचलं, आणि चिमटा तोंडात धरून ती तशीच उभी राहिली. तिनं मंडळाच्या अध्यक्ष मिसेस ओबरहोल्त्झरना फोन केला आणि पुढच्या बैठकीत आपल्याला दहा मिनिटं द्या म्हणाली. मंडळातल्या सव्वीस वर्षांत तिनं पहिल्यांदाच मागितली होती.

पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी तळघर भरलं होतं. ट्रेक्सलर पहिल्या रांगेत, मांडीवर अल्बम. त्यांना वाटलं असावं, बाई विचार बदलून आली. अर्डीलियानं कागद दोन काचांमध्ये धरून आणला होता. तो तिनं उंच केला तेव्हा भोकातून पलीकडचा दिवा दिसला आणि स्टाउफरनं सवयीनं तोंड उघडलं, पण शेजारणीनं त्याला कोपर मारलं. तिनं आधी हॅझलडीनचं म्हणणं वाचलं. ते सुरेख होतं, घडीव, एकही शब्द वाया न घालवलेलं, आणि तिनं ते तितकंच सुरेख वाचलं. मग कागद उलटला. "तामार विरुद्ध बॅकहाउस," ती वाचू लागली. दप्तरखान्यात तिचा आवाज प्रसिद्ध होता, न्यायाधीश मुद्दाम तिच्याकडून वाचून घ्यायचे. "दोन्ही बाजू ऐकल्या. साक्षी झाल्या. कोर्टाचा निर्णय असा, की सदर तामार ही"

ती थांबली.

लोकांना आधी वाटलं, चष्मा सारखा करतेय. मग वाटलं, ओळ शोधतेय. मागच्या बाजूला कुणाचं तरी कानातलं यंत्र बारीक शिटी वाजवत होतं ते ऐकू यायला लागलं. तिची ओळ हरवली नव्हती. गुडघे दुखत होते, उजवा जास्त. खालची ओळ तिला दिसत होती, मुलीची ओळ. एरवी ती भोकावरून उडी मारून त्या ओळीवर जायची, जिभेला तशी सवयच लागली होती. आज तिनं ती ओळ वाचली नाही. आईचा निकाल लागल्याखेरीज मुलीचा कसा वाचायचा?

"अर्डीलिया, झालं ना?" मिसेस ओबरहोल्त्झर हळूच म्हणाल्या.

"नाही झालं. कोर्टाचं वाक्य आहे, अर्ध्यावर टाकून मला खाली बसता येत नाही. उरलेलं मिस्टर ट्रेक्सलरांकडे आहे."

सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. ट्रेक्सलर लाल झाले. "आपलं ठरलं नाही, मिस पर्नेल. सही तुम्ही नाकारलीत."

"सही नाकारली. ऐकायचं नाकारलेलं नाही."

"हा काही शहाणपणा नव्हे. हा अल्बम आमच्या घरात तीन पिढ्या..."

"वाक्य त्याच्याही आधीचं आहे."

त्यांनी अल्बमवर हात ठेवला. तिनं कागद खाली घेतला नाही. मंडळात असं कधी झालं नव्हतं. तिथं लोक बोलायचे, टाळ्या पडायच्या, प्रेट्झेल संपायचे. आता कुणी परडीकडे हात नेईना, आणि उभ्या बाईला बस असं कुणाला म्हणवेना. तिला वाटलं, आपण आता हरलो, म्हातारी चक्रम झाली असं घरी जाऊन सांगतील. सांगू देत. उभं राहायला तिला कुणाची परवानगी नको होती आणि हा कागद कुणी तिच्या हातातून काढून घेणार नव्हतं. लिअँडर अकरा महिने रोज सकाळी गजाला धरून उभा राहायचा, ती तर जेमतेम पाच मिनिटं उभी होती. तिनं ट्रेक्सलरांकडे पाहिलं, अगदी सरळ, जसं काउंटरपलीकडून वकिलांकडे पाहायची.

मागून खुर्ची करकरली. स्टाउफर उठला होता. त्याचा चेहरा गोंधळलेला होता, विनोद सापडत नसल्यासारखा.

"अहो, पण मग," तो म्हणाला, "ती बाई सुटली की नाही?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारला नव्हता, आणि आता विचारला तो अर्डीलियाला नव्हताच. तो ट्रेक्सलरांना होता. त्यांनी अल्बम दोन्ही हातांनी पोटाशी धरला. सहीची तारीख, शाई, कागदाचा गाव, हॅझलडीनची सासुरवाडी, सगळं त्यांना माहीत होतं.

"मला ठाऊक नाही," ते शेवटी म्हणाले.

"मग बघा," अर्डीलिया म्हणाली, आणि उभीच राहिली.